ओट्यावरचा डाग की ओट्याची झीज?

स. न. वि. वि.

ताई, गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं. मधला ओटा पांढऱ्या संगमरवराचा, चकचकीत पॉलिशचा. शेगडी आणि सिंकच्या बाजूचा ओटा गडद ग्रॅनाइटचा. कडक रसायनं नकोत म्हणून मी पहिल्या दिवसापासून पाण्यात व्हिनेगर घालून त्याच्या फवाऱ्याने दोन्ही ओटे पुसत आले. काही महिन्यांतच संगमरवरावर पेल्याच्या बुडाएवढ्या निस्तेज कड्या दिसायला लागल्या. लिंबू चिरते तिथे तर शिंतोडेच उमटलेत. मग सीलर आणून दोन्ही ओट्यांना लावला. त्यानंतरही लिंबाच्या नव्या खुणा पडतातच, वर ग्रॅनाइटवर फडक्याचे फराटे दिसतात ते कितीही पुसले तरी जात नाहीत. संगमरवरावर तेलाची बाटली असते तिथे काळपट गोल झालाय. नळाच्या बुडाशी पांढरा कडक थर साचलाय. घरातले म्हणतात, लिंबू आणि सोडा टाकून तारेच्या घासणीने एकदा नीट घास, नाहीतर फरशी धुवायचं ॲसिड आण. पॉलिशवाला म्हणतो, सगळा ओटाच परत घासावा लागेल. काय करू?

– एक वाचक

आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत ओट्याला काहीही लावू नका. लिंबू-सोडा नको, तारेची घासणी नको, आणि फरशीचं ॲसिड तर घरातच आणू नका. तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं घरच्या घरी सुधारण्यासारखं आहे. ॲसिड लागलं तर मात्र पॉलिशवाला म्हणतोय तेच करावं लागेल.

तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि चारींवर एकच औषध शोधताना तुमची दमछाक झालीय. लिंबाच्या खुणा आणि कड्या आहेत तिथे दगडातलं काहीतरी गेलंय. तेलाचा गोल आहे तिथे दगडात काहीतरी शिरलंय. नळाजवळचा थर आणि ग्रॅनाइटवरचे फराटे, इथे दगडावर काहीतरी बसलंय. गेलेलं परत भरून येत नाही, तिथे पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागतो. शिरलेलं बाहेर ओढावं लागतं. बसलेलं खरवडून किंवा पुसून निघतं. कुठे काय झालंय हे ओळखण्याआधी हातात फडकं घेतलं की हमखास नुकसान होतं. दगडी ओटे वापराने जितके खराब होतात त्याहून जास्त साफसफाईने होतात, असं मी अगदी जबाबदारीने म्हणते.

संगमरवरापासून सुरुवात करू. हा दगड मुख्यतः कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीचा दगड, ट्रॅव्हर्टाइन आणि बहुतेक ऑनिक्स याच कुळातले. आम्ल लागलं की कॅल्शियम कार्बोनेटशी त्याची लगेच क्रिया होते. कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो आणि उरलेला क्षार पाण्यात विरघळून फडक्याबरोबर निघून जातो. म्हणजे दर पुसण्याला दगडाचा एक अतिशय पातळ पापुद्रा जातो. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५ असतो, व्हिनेगरचा २.५ च्या आसपास, टोमॅटोचा ४ ते ४.५. साध्या पाण्याचा ७ धरतात, आणि पीएचचा एकेक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते. ‘पण मी तर व्हिनेगर भरपूर पाण्यात घालत होते’ असं तुमच्या मनात येईल. व्हिनेगर दहापट पातळ केलं तरी त्याचा पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने वर सरकतो. फवारा मारून पुसेपर्यंत जे काही सेकंद जातात तेवढे त्याला पुरतात, आणि तुम्ही तो महिनोन् महिने रोज मारलाय.

संगमरवर चमकतो तो वरून काही फासलेलं असतं म्हणून नव्हे. हिऱ्याचे कण बसवलेल्या पॅडने, जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत टप्प्याटप्प्याने घासून तो इतका सपाट केलेला असतो की त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो. आम्लाने हा सपाटपणा मोडला की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला तिथे निस्तेज, पांढुरका चट्टा दिसतो. म्हणूनच तो कितीही धुतला तरी जात नाही; धुऊन जाण्यासारखं तिथे काही नसतंच.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर रात्री स्वयंपाकघरातले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च ओट्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. लिंबाच्या शिंतोड्यांच्या जागा आडव्या उजेडात लगेच उठून दिसतील. मग टॉर्च सरळ वरून मारा, त्यातले अर्धेअधिक दिसेनासे होतील. तेलाच्या गोलाचं याच्या उलट आहे. वरून पाहिलं तर तो स्पष्ट काळपट दिसेल, पण आडव्या उजेडात तिथली चमक शेजारच्या दगडाइतकीच शाबूत असेल. आता डोळे मिटून नख फिरवा. चट्ट्याच्या कडेला नख जराही अडखळलं तर झीज खोल आहे. नुसती चमक गेलीय आणि बोटाला काही लागत नाही, तर वरवरची आहे. ही पाहणी झाली की पेन्सिलने एका कागदावर ओट्याचा आराखडा काढून कुठे काय आहे ते लिहून ठेवा. पुढचं सगळं काम त्यावरून करायचंय.

आता सीलरबद्दल, कारण इथे तुमचा फार अपेक्षाभंग झालाय आणि त्यात तुमची चूक नाही. ओट्यांना लावतात ते सीलर बहुतेक करून आत मुरणारे असतात. सिलेन, सिलोक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमर जातीची रसायनं दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून तिथे पाणी आणि तेल शिरायला अडथळा करतात. त्यामुळे सांडलेलं पुसायला तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो, एवढंच त्यांचं काम. वरचा दगड उघडाच राहतो. लिंबाचा थेंब पडतो तो थेट कॅल्साइटवर, आणि त्याची क्रिया व्हायला छिद्रात शिरायची गरजच नसते. तेव्हा सीलर उत्तम असो, दोनदा लावलेला असो, संगमरवरावरची आम्लाची खूण तो थांबवत नाही. डब्यावर ‘डागांपासून संरक्षण’ असं लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण ते शिरणाऱ्या डागांबद्दल असतं.

वरवरच्या खुणांवर घरी करता येण्यासारखा उपाय आहे: संगमरवराची पॉलिश पावडर. बहुधा टिन ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, पिठासारखी बारीक. आधी कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस येणार नाही अशा जागी करून पाहा. जागा ओली करा, चिमूटभर पावडर टाका आणि नमद्याच्या किंवा दाट विणीच्या मऊ कापडाच्या घडीने गोल गोल, जोर देऊन घासा. पावडर सुकू द्यायची नाही. सुकायला लागली की पाण्याचे दोन थेंब टाकायचे. काही मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडं करून टॉर्चने बघा. थोडी सुधारणा दिसली तर तेच पुन्हा करा. हात भरून येतात, घाई करून उपयोग नाही. नख अडखळतं अशा खुणांवर मात्र ही पावडर चालत नाही, तिथे हिऱ्याच्या पॅडच लागतात. आणि कुणाचा ओटा मॅट असेल, म्हणजे घोटलेला पण चमक न काढलेला, तर त्यांनी ही पावडर लावूच नये. मधेच एक चमकदार ठिपका उठेल.

तेलाच्या गोलासाठी पोटीस लावायचं. दगडाच्या छिद्रांत तेल भरलं की आत प्रकाश विखुरायचा कमी होतो, म्हणून तो भाग गडद दिसतो. पाण्यानेही असंच दिसतं, पण पाणी उडून जातं. सिंकच्या कडेला दगड काळपट दिसला म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी आधी दोन-तीन दिवस ती जागा पूर्ण कोरडी ठेवून बघावी. तुमचा गोल बाटलीखालचाच आहे आणि हटत नाही, म्हणजे तेलच.

पोटिसाचं काम दोन टप्प्यांत होतं. ओला लेप दगडात उतरून तेल सैल करतो, आणि मग लेप वरून सुकत जातो तसतसं आतलं ओलं तेलासकट वर ओढलं जातं. दुसरा टप्पा महत्त्वाचा, आणि तोच लोक घाईत उरकतात. बेकिंग सोडा घ्या, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार थेंब घालून टूथपेस्टइतकं घट्ट कालवा. डागाची जागा आधी नुसत्या पाण्याने ओलसर करा. लेप साधारण अर्धा सेंटीमीटर जाड थापा, डागाच्या कडेच्या बाहेर बोटभर जाईल असा. काठोकाठ थापला तर तेल कडेला सरकून नवं कडं तयार होतं. वर प्लास्टिकची पातळ फिल्म घालून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास विसरून जा. मग फिल्म काढा, पण लेप काढू नका. तो उघडा राहून पूर्ण सुकू दे, भेगा पडू दे, कडा उचलू दे. त्याला आणखी एक दिवस लागला तरी चालेल. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलून घ्या, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा.

लगेच निकाल लावू नका. लेपाच्या पाण्यानेच दगड ओला झालेला असतो, त्यामुळे डाग पहिल्यापेक्षा गडद वाटू शकतो. दोन दिवसांनी बघा. फिका झाला असेल तर हेच पुन्हा करा; जुन्या तेलाला तीन-चार वेळा लागणं अगदी नेहमीचं आहे. सोड्याने काहीच हललं नाही तर पांढऱ्या केओलिन मातीत ॲसिटोन कालवून तसाच लेप द्या. ॲसिटोन फार लवकर पेट घेतं. त्या दिवशी जवळपास शेगडी पेटवायची नाही, खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, हातमोजे घालायचे. दगडाला आधीच भेगा बुजवायला राळ भरलेली असू शकते आणि ॲसिटोनने ती मऊ पडू शकते, म्हणून इथेही आधी कोपऱ्यात तपासणं आलंच.

चहा-कॉफीचा डाग असता तर सोड्यात पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायला सांगितलं असतं. पण ते फिक्या दगडावरच, गडद दगडाचा रंग त्याने उडू शकतो. गंजाचा डाग वेगळाच. त्यासाठी दगडाकरताच बनवलेलं गंजाचं पोटीस मिळतं, तेच आणावं. कपड्यांवरचा किंवा फरशीवरचा गंज काढायच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते ग्रॅनाइटलाही खातं, आणि माणसाच्या कातडीला त्याहून घातक आहे.

आता तुमच्या गडद ओट्याकडे. ग्रॅनाइट हा क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचा दगड; लिंबू-व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. तुमच्या फवाऱ्याने एकाच वेळी संगमरवर झिजला आणि ग्रॅनाइट तसाच राहिला तो म्हणूनच. तरीही ग्रॅनाइटवर व्हिनेगर वापरू नका, कारण रोजच्या आम्लाने सीलरची ताकद कमी होते. शिवाय ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे सगळे दगड ग्रॅनाइट नसतात. बरेचसे काळे दगड मुळात गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. ते ओट्याला उत्तमच, काळजीचं कारण नाही. काळजी असते ती क्वार्ट्झाइट या कठीण दगडाच्या नावाने गळ्यात पडणाऱ्या डोलोमाइटची, कारण तो मऊ असतो आणि त्याला आम्ल लागतं. खरं क्वार्ट्झाइट जवळजवळ सगळं क्वार्ट्झ असतं, मोहच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर ७. डोलोमाइट ३.५ ते ४, संगमरवराचा कॅल्साइट ३, काच साधारण ५.५. दगडाचा उरलेला तुकडा घरात पडलेला असेल तर त्याची धार रिकाम्या बाटलीवर जोराने ओढून बघा. काचेवर खरा ओरखडा उठला तर दगड कठीण जातीचा. नुसती पांढरी रेघ उमटली आणि बोटाने पुसली गेली, तर तो मऊ जातीचा समजून त्याला संगमरवरासारखाच जपा.

ग्रॅनाइटवरचे फराटे म्हणजे सुकून बसलेला सीलर. दाट, गडद दगडात छिद्रंच इतकी कमी असतात की सीलर आत जायला जागा नसते. जो मुरला नाही तो वरच राहतो आणि वेळेवर पुसून घेतला नाही तर धूसर पटल होऊन बसतो. कधी कधी अशा दगडाला सीलरची मुळी गरजच नसते. तोच सीलर पुन्हा थोडासा फराट्यांवर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, ओल्या सीलरमध्ये जुनं पटल सैल होतं. मग कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने जोर लावून पुसा आणि कापड सारखं बदलत राहा. एका वेळी हातभर जागाच घ्या. एवढ्याने नाही निघालं तर डब्यावर सीलर पाण्यातला आहे की सॉल्व्हंटमधला ते बघा आणि त्याच कंपनीचा रिमूव्हर आणा.

नळाच्या बुडाशी साचलेला थर जड पाण्यातल्या क्षारांचा आहे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तुमच्या संगमरवराचं आणि त्याचं रासायनिक कूळ एकच. त्यामुळे जे द्रव हा थर विरघळवतात ते संगमरवरही विरघळवतात. संगमरवराला सुरक्षित असं क्षार विरघळवणारं औषध शोधत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही. सुदैवाने तुमचा नळ ग्रॅनाइटवर आहे. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्या थरावर अर्धा तास गुंडाळून ठेवा. मग नवं, धारदार दाढीचं पातं ओल्या दगडावर जवळजवळ आडवं धरून थर पुढे ढकलत सोला. पात्याचं टोक खुपसायचं नाही, पातं उभं करायचं नाही. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार पोलादापेक्षा कठीण असल्याने नीट धरलेल्या पात्याने ग्रॅनाइटला ओरखडा पडत नाही. राखाडी रेघ दिसलीच तर ती पात्याच्या धातूची असते, ओल्या सोड्याने निघते. संगमरवरावर पातं कधीच नाही, तिथे फार तर प्लास्टिकची पट्टी. आणि नळाच्या बुडाशी पाणी झिरपत असेल तर आधी वॉशर बदलून घ्या, नाहीतर महिन्याभरात थर परत हजर होईल.

घरच्यांच्या लिंबू-सोड्याबद्दल एवढंच सांगते की दोन्ही एकत्र केले की ते एकमेकांना मारतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर भांड्यात उरतं ते बहुतांशी खारट पाणी. त्यातही लिंबू जास्त पडलं तर उरलेलं आम्ल तुमच्या ओट्यावरच जाणार. आणि साफसफाईच्या उत्साहात एक गोष्ट कुणीही करू नये: ब्लीच हे व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कशाहीबरोबर मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एकत्र करू नये.

मग रोज पुसायचं कशाने? कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं. त्यानंतर दुसरं फडकं साध्या पाण्यात पिळून एक हात फिरवायचा, आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने ओटा टिपून घ्यायचा. मधला हात बहुतेक घरांत गाळला जातो. साबणाचा अंश रोज थोडा थोडा साठत जातो आणि वर्षभराने ओटा मंद दिसायला लागतो. लोकांना वाटतं पॉलिश गेलं. चिरायचं ते फळीवर, लिंबू तर बशीतच. तेलाच्या आणि व्हिनेगरच्या बाटल्यांखाली छोटा ट्रे ठेवा. तापलेलं भांडं थेट दगडावर नको. दगड जळणार नाही, पण एकाच जागी एकदम ताप बसला तर आधीपासूनच्या बारीक भेगेतून तो तडकू शकतो. सिंकच्या पुढच्या-मागच्या अरुंद पट्ट्यांवर तर चढूनही बसू नका, ओटा बहुधा तिथेच मोडतो.

सांडलं की पुसायचं नाही, टिपायचं. पुसल्याने लिंबाचा एक थेंब वीतभर पसरतो.

सीलर पुन्हा केव्हा लावायचा याला कॅलेंडर नको. ओट्यावर चमचाभर पाणी टाका आणि १५ मिनिटं थांबा. पाणी मण्यासारखं उभं राहिलं आणि टिपल्यावर दगडाचा रंग तोच असला तर सीलर काम करतोय. खाली दगड गडद झाला तर लावायची वेळ झाली. ही तपासणी शेगडीजवळ आणि सिंकजवळ वेगवेगळी करा, कारण जिथे जास्त पुसलं जातं तिथला सीलर आधी जातो. लावताना मात्र क्रम चुकवू नका. आधी पोटीस देऊन तेल काढायचं, मग खुणा घोटायच्या, मग ओटा निदान एक-दोन दिवस कोरडा ठेवायचा आणि शेवटी सीलर. उलट केलं तर तेल आतच कोंडलं जातं. डब्यावर जितकी मिनिटं लिहिलीत तितकीच ठेवून जास्तीचा सगळा पुसून घ्या, आणि २४ तास ओट्यावर पाणीही पडू देऊ नका.

मेणाचं पॉलिश लावायला कुणी सुचवलं तर माझं मत स्वयंपाकघरात लावू नये असं आहे. उष्णतेने ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि मग ते काढण्याचं एक नवं काम होऊन बसतं. अपवाद सोपस्टोनचा. त्याला सीलर लागत नाही. खनिज तेल चोळलं की तो एकसारखा गडद दिसतो, नाही चोळलं तरी दगडाचं काही बिघडत नाही.

सिंकच्या सांध्यातलं सिलिकॉनही एकदा बघून घ्या. काळं पडलं असेल, कडेने सुटलं असेल तर बदलून घ्या. पण लावणाऱ्याला न्यूट्रल, दगडाला चालणारं सिलिकॉन आणायला सांगा. सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो त्या सिलिकॉनमधून खरोखरच ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते संगमरवराला लागलं की कडेने निस्तेज रेघ उठते. प्लंबर वापरतात ती तेलातली पुट्टीही नको. तिचं तेल दगडात उतरून सिंकभोवती काळपट चौकट तयार होते आणि ती काढणं बाटलीच्या गोलापेक्षा कितीतरी कठीण.

राहिला पॉलिशवाला. पोटीस आणि पावडर करून महिन्याभराने तुम्ही काढलेला तो आराखडा परत बघा. नख अडखळणाऱ्या खुणा मोजक्याच उरल्या असतील तर नुसतं तेवढ्यासाठी सगळा ओटा घासायची घाई करू नका. बऱ्याच असतील तर बोलवा, पण चमकदार पॉलिशऐवजी मॅट घोटाई करून मागा. संगमरवरावर रोज स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवते. मॅट दगडालाही आम्ल तितकंच लागतं, पण मुळातच चमक नसल्याने खूण शेजारच्या दगडात मिसळून जाते. काम सुरू करण्याआधी विचारा की हिऱ्याच्या पॅड वापरणार का, पाणी टाकून घासणार का. कोरडं घासलं तर सगळ्या घरात दगडाची धूळ होते आणि ती छातीला वाईट. शेजारच्या ग्रॅनाइटला, कपाटांना आणि शेगडीला प्लास्टिक लावून घ्यायला सांगा. आधी हातभर तुकडा एका कोपऱ्यात करून मागा आणि दुसऱ्या दिवशी, दगड पुरता सुकल्यावर, टॉर्च आडवा धरून बघा. तुम्हाला चमकच हवी असेल आणि त्याने ती काढून दिली, तर पांढऱ्या कापडावर थोडं ॲसिटोन घेऊन त्या तुकड्यावर फिरवा. घासून काढलेली चमक जराही हलत नाही. चमक मंद झाली किंवा कापड चिकट झालं तर त्याने वरून लेप चढवलाय, आणि बाकीचा ओटा त्याच्या हाती द्यायचा नाही.